ज्योतिबाच्या नावाचं पान

कंग्राळीच्या परशराम पाटलांनी एकाच बायकोशी दोनदा लग्न केलं होतं. ही गोष्ट सांगताना गावातला कोणीही आधी हसायचा आणि मग गप्प व्हायचा. पहिल्या महायुद्धात परशराम मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेला आणि तिकडेच त्याचा पत्ता लागेनासा झाला. परत आलेल्या कोणीतरी सांगितलं, तो पडला. घरच्यांनी विश्वास ठेवला, घाईघाईनं दिवस घातले. त्याच्या बायकोच्या, रुक्माबाईच्या, बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. तेव्हा ती नुकती कुठे संसाराला लागली होती. पुढे लढाई संपली आणि तुर्कांच्या कैदेतून सुटलेला परशराम वाळून कोळ झालेला असा वेशीतून चालत आला. त्याच्या बाराव्याला पोटभर जेवलेले लोक त्याला बघून दारं लावून बसले. मग भटजींनी सांगितलं, ज्याचे दिवस घातले तो जगाच्या लेखी मेला. आता त्याचं बारसं करा आणि लग्नही नव्यानं लावा. तसं सगळं झालं. बाप्यांना त्यात मोठी गंमत वाटली. रुक्माबाई मात्र त्या दिवशी हसली नाही, आणि मधल्या काळात सणावाराला तिला कुठल्या कोपऱ्यात बसवलं होतं हे ती कधी विसरली नाही.

ह्या दुसऱ्या लग्नाचा मुलगा ज्योतिबा. तालमीतली पोरं त्याला 'मेलेल्या बापाचा ल्योक' म्हणून चिडवायची, आणि तो चिडायचा नाही. उलट म्हणायचा, "व्हय की. मरून आलेल्या माणसाची अवलाद हाय, मला काय हुतंय."

शालूबाई ह्या घरात सून म्हणून आली ती निपाणीकडून. तंबाखूच्या वखारीत देखरेख करणाऱ्या बापाची ही लेक. माहेरी बोलायची सवय, आणि सासरी सासरा परशराम, पुन्हा पलटणीत जाऊन सुभेदार होऊन निवृत्त झालेला. घरात सकाळी उठण्यापासून निजण्यापर्यंत सगळं पलटणीच्या शिस्तीत. पहिले काही दिवस तिचा जीव मेटाकुटीला आला. तिला सांभाळून घेतलं ते नवऱ्यानं. बेळगावात कॉलेज शिकलेला हा मुलगा घरी आला की सरळ चुलीपाशी जाऊन बसायचा आणि आईला, बायकोला दिवसभराचं सांगायचा. सुभेदार पुढच्या सोप्यातून खाकरायचे. बाप्यानं सैपाकघरात बसू नये हा त्यांचा कायदा. ज्योतिबा "आलो आबा," म्हणायचा आणि तिथंच बसून राहायचा.

दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा त्यानं हवाई दलात अर्ज दिला. सुभेदारांना वाटलं होतं, मुलगा पलटणीत जाईल. त्यांच्या मते लढाई दोन पायांवर चालत करायची असते. बसल्या जागी उडत जाणाऱ्याला शिपाई कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल होता. ज्योतिबा पास झाला, शिकून विमान चालवू लागला, खांद्यावर पट्टी आली. मग हेच सुभेदार बेळगावच्या बाजारात जुन्या सोबत्यांना गाठून, त्यांनी विचारलेलं नसतानाही, इंजिनाबद्दल माहिती देऊ लागले. त्यातली निम्मी चूक असायची.

पण गाव त्याला ओळखायचं ते विमानासाठी नव्हे. लेक झाली, तिला सगळे बेबी म्हणू लागले, आणि ज्योतिबा रजेवर आला की तिला कडेवर घेऊन गावभर फिरायचा. त्या वेळी वडीलधाऱ्यांसमोर आपलं स्वतःचं मूल उचलून घेणं म्हणजे निर्लज्जपणा. पोर रडून लाल झालं तरी बाप बघत बसायचा. उचलायचं ते आज्यानं नाहीतर चुलत्यानं. आणि हा साहेब तिला विहिरीवर न्यायचा, अंघोळ घालायचा, पारावर बसून भात भरवायचा. मारुतीराव म्हणून भावकीतले एक खवट गृहस्थ होते. ते एकदा म्हणाले, "सायेब, जपानी समोर आला तर पोरगी हातात घिऊन उडणार काय?" ज्योतिबा म्हणाला, "नेली असती काका, पर तिची आई सोडंना." शालूबाई दाराआड होती. लाजेनं तिला तोंड लपवायला जागा पुरेना, आणि ते वाक्य तिनं नंतर कितीतरी दिवस मनात घोळवलं.

एकदा त्याला काही आठवड्यांसाठी सांबऱ्याच्या तळावर पाठवलं. तळ घरापासून चार-पाच कोसांवर, पण घरी यायला सवड मिळेना. मग एका सकाळी त्यानं विमानच कंग्राळीवरून आणलं, आणि तेही इतकं खालून की घरांची कौलं थरथरली. गावातल्या म्हशींनी दावी तोडली आणि कुठल्या कुठे उधळल्या. शालूबाई बेबीला घेऊन घरामागच्या परड्यात धावली. तिला त्याचा हात दिसला की नुसताच भास झाला हे तिला कधीच ठरवता आलं नाही. तिनं दिसला असंच धरलं.

वरिष्ठांनी त्याला काय सुनावलं ते कळलं नाही. पण सुभेदारांनी काय केलं ते गावानं बघितलं. पुढच्या सुट्टीला तो आला तसं त्यांनी त्याला उंबऱ्यावरच उभं केलं. "म्हसरांनी काय सरकारचं वाकडं केलंतं?" मग हा हवाई दलाचा अधिकारी बेळगावातून नव्या दाव्यांचा भारा डोक्यावर घेऊन आला आणि ज्यांनी ज्यांनी म्हशी सुटल्याचं सांगितलं त्यांच्या प्रत्येक दारात जाऊन हात जोडून दावं देऊन आला. त्यातल्या दोन घरी म्हैसच नव्हती. त्यांनीही दावं ठेवून घेतलं.

ती त्याची गावातली शेवटची मोठी हजेरी. त्यानंतर तो ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. लढाईच्या शेवटच्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, तार आली: विमान परतलं नाही, वैमानिक बेपत्ता. काही महिन्यांनी सरकारनं त्याला मृत धरल्याचंही कळवलं. जन्मभर सरकारचं मीठ खाल्लेले सुभेदार त्या दिवशी म्हणाले, "सरकारला काय कळतंय. मला बी लोकांनी मारलंतं." रुक्माबाई सुनेचा हात धरून देवापुढे गेली, तिच्या कपाळावर स्वतःच्या हातानं कुंकू लावलं आणि म्हणाली, "बारा वर्सं वाट बघायची रीत हाय. बारा वर्सं ह्या घरात कुणी रडायचं न्हाय."

ह्या शब्दावर घर चाललं. रुक्माबाईला ठाऊक होतं तेवढं विधवेचं जिणं दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतं. ते सुनेच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, हा तिचा निश्चय. त्यात माया होती, आणि शालूबाईला ती दिसत होती. म्हणूनच ती बोलू शकत नव्हती. डोळे भरले की रुक्माबाई म्हणायची, "गप ऱ्हा, जित्या माणसासाठी रडू न्हये." त्याच्या जुन्या गोष्टी निघाल्या की विषय बदलायची; तिच्या मते आठवणी काढायच्या त्या गेलेल्या माणसाच्या. घरात नाही, गावात नाही, कुठेच त्याचं नाव निघेना. बेबीनं विचारावं, "आप्पा कसं हुतं?" आणि आजीनं म्हणावं, "आल्यावर बघ की." पोरगी पाच वर्षांची झाली. विहीर, पार, भाताचे घास, तिला काहीच आठवत नव्हतं आणि सांगणारं कोणी नव्हतं. नवरा जिवंत आहे म्हणता म्हणता ह्या लोकांनी त्याला घरातून पुसून टाकलं, असं शालूबाईला वाटायचं. तो परत येणार नाही हे तिनं केव्हाच मनाशी ओळखलं होतं. तिला फक्त त्याच्यासाठी रडायचं होतं, आणि लेकीला तिचा बाप द्यायचा होता.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या भाद्रपदात हिंडलग्याचा मष्णू घरी आला. ज्योतिबा ज्या तळावरून उडायचा तिथे मष्णू विमानांची दुरुस्ती करायचा. नोकरीतून मोकळा झाला तसा आधी इकडे आला. सोप्यात घोंगड्यावर बसून त्यानं चहाचा भरला कप तसाच खाली ठेवला. शालूबाई आतल्या दाराशी उभी होती, रुक्माबाई तिच्या मागे.

"आबा," तो म्हणाला, "लढाई सरल्यावर आमी डोंगरात गेलतो. इमान घावलं. सायेब त्यातच गेलतं. तितल्या लोकांनी त्यास्नी आदीच माती दिलती, आमी वर दगडं रचली. मी सवता रचली."

सुभेदार म्हणाले, "वळखलंस कशावरनं?"

"इमानाचा आकडा माझ्याच हातानं रंगवलेला हुता. आणि आबा, रोज उडायच्या आदी मीच त्यास्नी आत बसवायचो. लेकीचं काय काय सांगायचं. आज बोलाय लागली आसंल, आज पळाय लागली आसंल. आमाला सगळ्यांला बेबी म्हाईत हुती."

मागून रुक्माबाईचा आवाज आला. "माझा नवरा बी कुणीतरी असाच बघितलाता मेलेला." ती परड्यात निघून गेली. मष्णूनं मान खाली घातली. सुभेदारांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मष्णू गेल्यावर शालूबाई परड्यात गेली. सासू गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती.

"आत्ती," शालूबाई म्हणाली, "मी वाट बघून दमले न्हाय. बारा वर्सं काय, जलमभर बघीन. पर तितल्या परक्या माणसांस्नी बेबी म्हाईत हुती, आणि बेबीला तिचा बाप म्हाईत न्हाय. मला त्यांच्यासाठी एकदा रडू द्या."

"आणि कपाळ?" रुक्माबाई म्हणाली. "उद्या बायका येतील, बांगड्या फोडा म्हणतील. तुला काय ठावं गं. माझी सख्खी नणंद मला बघून वाट बदलायची."

"मी कुंकू तुमच्यासाठनं लावतोय, आत्ती. तुमी बघताय म्हणून."

रुक्माबाईनं वर बघितलं. तिच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. सुनेसाठी आपण लेकाला जिवंत ठेवलं, आणि सून आपल्यासाठी ते ओझं वागवत होती. शालूबाई तिच्याशेजारी बसली. कितीतरी वेळ दोघी तशाच बसून राहिल्या आणि म्हसरांना पाणी पाजायची वेळ टळून गेली.

पितृपंधरवडा लागला. घरोघरी म्हाळ सुरू झाले. पाटलांचा म्हाळ नेहमीच्या तिथीला झाला. आज्या-पणज्यांची पानं वाढली, भावकी जेवून गेली. ज्योतिबाचं नाव कोणी काढलं नाही. शालूबाईनं आशा सोडली. पण पंधरवडा सरत आला तेव्हा एका सकाळी अंघोळ करून सुभेदार सैपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्या दारात ते उभ्या आयुष्यात कधी आले नव्हते.

"उद्या घातचतुर्दशी हाय," ते म्हणाले. लढाईत, अपघातात गेलेल्यांची ती तिथी. "माझ्या पलटणीच्या सोबत्यांसाठी मी दरसाल एक पान वाढतो. उद्या दोन वाढायची." थोडं थांबून म्हणाले, "सूनबाई, त्याला आवडत हुतं ते कर."

शालूबाईनं सासूकडे बघितलं. रुक्माबाई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, पण तिनं मान वर केली नाही. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बांगड्यांस्नी हात लावायचा न्हाय. आणि कपाळाला बी न्हाय. एकदा केलं ह्या घरानं, तेवढं पुरं झालं. कोण काय बोलंल ते मी बघून घीन."

"कुणी बोलणार न्हाय," सुभेदार म्हणाले. "माझ्या दारात येऊन बोलाय पायजे न्हवं."

दुसऱ्या दिवशी शालूबाईनं पहाटे उठून खपली गव्हाची खीर शिजत घातली, वडे तळले, आळूचं फदफदं केलं. हात चालत होते, पण मनात धास्ती होती. रुक्माबाई अंथरुणातून उठली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून होती. सोप्यात सुभेदारांनी जागा सारवून केळीची दोन पानं मांडली. बेबी मध्येच येऊन विचारून गेली, दुसरं पान कोणाचं. सुभेदारांनी तिला जवळ घेतलं, आणि "तुझ्या आप्पाचं" एवढं म्हणून ते पान सरळ करू लागले.

शालूबाई खीर उतरवणार तोच मागे पावलं वाजली. रुक्माबाई येऊन उभी राहिली होती. नैवेद्याचं चाखायचं नसतं. तिनं नुसतं पातेल्यात वाकून बघितलं, रंग पाहिला.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली. "ही त्याच्या घशाखाली उतरायची न्हाय."

ती चुलीपुढे बसली. गुळाची ढेप पुढे ओढून तिनं मोठा खडा फोडला आणि पातेल्यात सोडला. पळीनं ढवळता ढवळता म्हणाली, "ल्हान हुता तवा गूळ चोरून खायचा. एकदा डब्यात हात अडिकला. आबाच्या भ्यानं रडला न्हाय, दुपारपातूर तसाच डबा घिऊन गोठ्यात बसला."

"मग?" बेबी दारातून म्हणाली.

"मग काय. हिकडं ये, बस. सांगतो." नात जवळ येऊन बसली तशी तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझा आप्पा लई गोडखाऊ हुता बग."

शालूबाईच्या हातातून फडकं गळून पडलं. ती तिथेच खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. सोप्यातून सुभेदार खाकरले नाहीत. रुक्माबाई खीर ढवळत राहिली, नातीला पुढचं सांगत राहिली, आणि त्या घरात पहिल्यांदाच शालूबाईला कोणी गप्प राहा म्हणालं नाही.