सुनंदाताईंची भीती

सुनंदाताई एकट्या असताना लेथ कधीच सुरू करत नसत. "हात अडकला तर बटण कोण बंद करणार?" असं विचारत. इचलकरंजीच्या कारखानदाराची ही मुलगी नवऱ्याच्या नोकरीपायी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आली, बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागली आणि पुढे तिथलाच रीतसर परवाना मिळवला. आम्ही शेजारी. कोरोनाने दुकानाचे म्हातारे मालक आजारी पडले, तेव्हा ताई म्हणाल्या, "नेहा, नुसती येऊन बसशील? दीड मीटर लांब."

एका शिकाऱ्याने रायफल आणली. गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक बसवायचा होता. त्यासाठी नळीवर आटे पाडायचे. "रिकामी आहे," तो मास्कमधून म्हणाला. ताईंनी नळी वाळूच्या पेटीकडे धरून रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, मागे ओढला. पितळी काडतूस टणकन फरशीवर पडलं.

शिकारी पांढराफटक. ताई खुर्चीत बसल्या.

"रिकामी आहे असं सगळेच सांगतात. बघायचं आपण," त्या मला मराठीत म्हणाल्या. मग त्याला डचमध्ये सांगितलं, "आज काम होणार नाही. माझे हात थरथरताहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेथवर नळीचं आतलं भोक बरोबर मध्यावर आणून आटे पाडले. ब्रेक चढवला, आतून सरळ सळई घातली. ती ब्रेकच्या कडेला किंचित घासली. दोष ब्रेकमध्येच होता.

"केसभरच तर आहे," मी म्हटलं.

"इथून गोळी जाणार आहे, बाई! घासली तर तुकडे कुणाच्या तोंडावर उडतील?"

हा ब्रेक चालणार नाही हे ऐकून शिकाऱ्याने फोनवर आरडाओरडा केला. ताईंचा आवाज कापत होता, पण त्या बधल्या नाहीत. शेवटी त्याने दुसरा ब्रेक आणला. सळई न घासता गेली. चाचणीला रायफल स्टँडला बांधून आम्ही भिंतीमागे उभ्या राहिलो. चापाला बांधलेली दोरी ओढण्याआधी ताईंनी दीड मीटर विसरून माझा हात घट्ट धरला. बार उडाला. ब्रेक शाबूत होता. मगच त्यांनी श्वास सोडला.

त्याच वर्षी हिवाळ्यात कोरोना होऊन त्या दवाखान्यात गेल्या. श्वासासाठी घशात नळी घालण्याआधी त्यांनी व्हिडिओ कॉल केला.

"नेहा, मला फार भीती वाटतेय गं."

'घाबरू नका' हे शब्द ओठांवर आले होते. पण त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"मलाही वाटतेय, ताई."

"बरं झालं म्हणालीस," त्या म्हणाल्या. "सकाळपासून सगळे मला धीरच देताहेत."

मग आम्ही दोघी नर्स फोन घेईपर्यंत एकमेकींकडे बघत राहिलो.