आरिस्मेंदीला बर्फ नाही

दोन्या एर्सिलियाच्या, म्हणजे एर्सिलियाबाईंच्या, गोळ्याच्या गाडीत तीन गोष्टी असायच्या: बर्फाची लादी, पाकाच्या बाटल्या, आणि तळाशी गोणपाटात गुंडाळलेली रमची एक बाटली. तिचं बूच अकरा वर्षांत कुणी काढलं नव्हतं. गल्लीतल्या बाप्यांनी मागून पाहिली, नुसता वास तरी दे म्हणून गयावया केली. एर्सिलियानं बर्फ खरवडायचा रंधा उचलला की गयावया आपोआप आटपायची.

बाटली आली होती तिच्या नवऱ्याच्या मयतात. फेयो समोरच्या कुलपांच्या कारखान्यात पितळी तुकड्यांवरचं तेल धुवायचा. धुवायचं औषध गोडसर वासाचं. वापरून झालं की मागच्या अंगणातल्या खड्ड्यात ओतायचं, असा मॅनेजर आरिस्मेंदीचा हुकूम. फेयोचं यकृत गेलं, मागोमाग फेयो गेला. आरिस्मेंदीनं कारखान्याच्या कागदावर लिहिलं, दारूनं मेला. वर मयताला ही बाटली धाडली, गळ्यात चिठ्ठी बांधून: 'फेयोच्या आवडीची.'

आता फेयो म्हणजे कट्टर प्रार्थनामंडळवाला, दारू वर्ज्य मानणारा. खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघायचा.

एर्सिलिया त्या दिवशी रडली नाही. बाटली गाडीत ठेवली आणि गाडी नेऊन लावली बरोबर कारखान्याच्या फाटकासमोर, बदामाच्या झाडाखाली. आरिस्मेंदी रोज तिच्याकडून चिनोला या आंबटगोड फळाचा गोळा घ्यायचा, पाक दुप्पट. ती हसून द्यायची. बाई विसरली, असं म्हणणारे वस्तीत पुष्कळ निघाले. त्यांनी तिला रंधा चालवताना नीट पाहिलं नव्हतं.

पुढे कारखाना बंद पडला, वीजही तोडली, पण आसपासच्या विहिरींना गोडसर वास सुटला. वस्तीनं दावा लावला. कोर्टानं सांगितलं, अंगणात भोकं पाडा, माती काढून तपासा, खालच्या पाण्यावर नजर ठेवायला नळ्या बसवा. नमुन्यांचे दोन वाटे, एक वस्तीचा, एक कंपनीचा. बर्फ ज्याचा त्यानं आणायचा, कारण हे औषध उडून जातं. नमुन्यांची पेटी तापली की प्रयोगशाळा तिला हातही लावत नाही.

पहिल्या खेपेला नेमकी फाटकाची चावी हरवली. कुलपांच्या कारखान्याची! रखवालदार नोलास्को तीन तास खिसे चाचपत होता आणि नमुन्यांची गाडी उन्हात आतच अडकली. दोन्ही पेट्या कोमट होऊन परत आल्या. संध्याकाळी आरिस्मेंदीनं गोळा चोखत हळहळ व्यक्त केली, काय करणार, ऊनच तसलं.

कोर्टानं आणखी एक संधी दिली, शेवटची. वस्तीच्या बाजूची इंजिनिअर याहाइरा रडवेली होऊन गाडीपाशी आली. एर्सिलियानं तिला चिंचेचा गोळा दिला आणि म्हणाली, "पोरी, मागच्या वेळी भोक चुकीच्या जागी पाडलंस. मामेच्या फळझाडामागं बघ, गवत उगवत नाही तिथं. माझा नवरा तिथं ओतायचा. बर्फाचं माझ्यावर सोड."

ठरल्या दिवशी गिरमिट घुमायला लागलं. एर्सिलिया बाहेर फाटकाच्या गजांना धरून उभी. नळीत भरून माती वर यायची, याहाइरा प्लास्टिकचं आवरण चिरायची. आधी तांबडी माती, मग वाळू. सात मीटरवर करडा, ओला चिखल आला आणि वास थेट फाटकापर्यंत पोचला. फेयोच्या सदऱ्याचा वास. गिरमिटवाल्यानं मुखवटा घट्ट केला. एर्सिलियानं उलट खोल श्वास घेतला.

याहाइरानं चिखल भराभर काचेच्या कुप्यांत भरला, झाकणं आवळली, वाटे दोन पेट्यांत ठेवले. भोकात चिरा पाडलेली नळी सोडून भोवती वाळू ओतली. सगळं आटोपलं आणि नोलास्कोनं खिसे चाचपायला सुरुवात केली.

आरिस्मेंदी आपल्या पिकअपच्या सावलीत ऐसपैस बसला. कोर्टाचा कारकून घड्याळ बघत राहिला.

एर्सिलियानं गोणपाट उचललं. गावात बर्फाचा डेपो एकच, तो चालवणारी तिची जिवाभावाची मैत्रीण. त्या दिवशीचा सगळाच्या सगळा बर्फ बदामाखाली आला होता. तिनं लाद्या फोडल्या आणि पिशव्या गजांमधून आत सरकवायला लागली. याहाइरा कारकुनासमोर वस्तीची पेटी उघडायची, पाणी टाकायची, नवा बर्फ ठासायची. पहिला तास आरिस्मेंदी हसत होता. दुसऱ्या तासाला त्यानं थर्मामीटर पाहिले. वस्तीची पेटी तीन अंशांवर, त्याची चौदावर.

आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. वस्तीचा आकडा कोर्टात जाणार आणि खोडायला त्याच्याकडे काहीच नसणार. त्यानं डेपोला फोन लावला. बर्फ संपला, असं गोड आवाजात उत्तर आलं. कोपऱ्यावरच्या दुकानातही तेच. शेवटी घाम पुसत तो गजांपाशी आला.

"दोन्या, चार पिशव्या द्या."

"गोळा देऊ? पाक दुप्पट?"

"थट्टा नको. मी तुमचं किती वर्षांचं गिऱ्हाईक."

"म्हणून तर तुमच्यासाठी जपून ठेवलंय." तिनं गाडीच्या तळातून बाटली काढली आणि गजांमधून त्याच्या हातात दिली. "अकरा वर्षं बर्फाशेजारी निजलीय. ठेवा पेटीत, गार आहे."

चिठ्ठी अजून गळ्यातच होती. आरिस्मेंदीनं स्वतःचं अक्षर ओळखलं. कारकुनानंही मान लांबवून वाचलं, कारण कारकून दिसेल ते वाचतात.

"फेयो कोण?" त्यानं विचारलं.

"न पिणारा," एर्सिलिया म्हणाली. "लिहून घ्या, साहेब. कशानं मेला ते त्या पेटीत आहे."

कारकुनानं चिठ्ठी सोडवून पंचनाम्याला जोडली. आरिस्मेंदी बाटली धरून उभाच राहिला; खाली ठेवावी तरी पंचाईत, धरावी तरी पंचाईत. मग तो नोलास्कोवर असा ओरडला की चावी लगेच सापडली. मोज्यात होती.

वस्तीची पेटी प्रयोगशाळेनं घेतली. कंपनीची अठरा अंशांवर होती, ती परत आली. निकालाचा कागद एर्सिलियानं याहाइराकडून मोठ्यानं दोनदा वाचून घेतला, पुऱ्या गल्लीसमोर. तिसऱ्यांदा औषधाचं लांबलचक नाव तिनं स्वतः म्हटलं, न अडखळता.

आठवड्यानं नोलास्को लाज सोडून गाडीपाशी आला आणि गोळा मागितला. तिनं पेल्यात नुसता पाक ओतून पुढे केला.

"दोन्या, बर्फ?"

"हरवला बाबा," ती म्हणाली. "मोज्यात बघ."