बीम उचलणारा हात

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी यंत्रमागावर कामाला होतो. सूत गुंडाळलेले जड बीम दोघांनी मिळून मागावर चढवायचे, हे माझं काम. सायकलवरून पडून उजवा हात मोडला आणि दोन महिने प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर कापलं तेव्हा तो हात माझा वाटेना. दंड अगदी काटकीसारखा झालेला. मुकादमानं मला बायकांसोबत कांड्यांवर सूत भरायला बसवलं. बीम आला की मी मान खाली घालायचो.

गल्लीतल्या तालमीचे वस्ताद साठीचे होते. हात चाचपून म्हणाले, "डॉक्टर म्हणतोय हाड जुळलं, मग दंड परत भरतोय की. पण घाई करू नको."

तालमीत पत्र्याच्या डब्यांत सिमेंट ओतून, मधे सळई घालून केलेली वजनं होती. सर्वांत हलकं उचलायलाही डाव्या हाताचा आधार लागला. मी घाई केलीच. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वजन मारलं आणि आठव्या दिवशी भाकरीचा तुकडासुद्धा मोडता येईना.

वस्ताद चिडले. "उचलताना दंड वाढतोय व्हय? उचलताना तो थकतो. वाढतो खाल्ल्यावर, निजल्यावर. एक दिवस आड ये."

मग तसंच केलं. बायको रोज भिजवलेले हरभरे आणि दोन अंडी समोर ठेवायची. महिनाभर दंड दिसायला होता तसाच, पण वजन सोपं होत गेलं. सोपं झालं की वस्ताद त्याहून जड वजन पुढे सरकवायचे. तिसऱ्या महिन्यात सदऱ्याची बाही दाटायला लागली. ते बायकोनंच आधी पाहिलं. शिवण उसवता उसवता म्हणाली, "दुसरीबी सैल करून ठेवते."

एका सकाळी बीम आला आणि उचलणाऱ्यांपैकी एक जण गैरहजर होता. मी कांड्या सोडून उठलो, कुणाला न विचारता एक टोक धरलं. भार उजव्या हातावर घेतला. बीम अलगद जागेवर बसला.

मुकादम बघतच राहिला. "आता कांड्या कोण भरणार?"

"दुसरं कुणीतरी बघा," मी म्हणालो. मागे बायका खळखळून हसल्या.

पुढे कित्येक वर्षं मी बीम चढवले. त्या दिवशी मात्र घरी जाताना वाटेत भेटेल त्याला बाही वर करून दंड दाखवला. वस्तादांना तर दोनदा.