टाकीबद्दलची तीन वाक्यं

आमच्या भोपाळच्या टाउनशिपमध्ये माणसाच्या नावाआधी त्याच्या क्वार्टरचा टाइप विचारायचे. मला याचा तेव्हाही संताप यायचा आणि आता केस पिकायला लागले तरी येतो. दोन खोल्यांचं क्वार्टर म्हणजे कामगार, बागेसकट बंगली म्हणजे ऑफिसर. समोरच्याला खुर्ची द्यायची की दारातूनच वाटेला लावायचं, ते तेवढ्यावर ठरायचं. आम्ही अवधपुरीच्या बाजूला, अगदी कडेच्या रांगेत राहायचो. बाबा कारखान्यात वेल्डर होते.

मी नववीत होते तेव्हा दळणवळणाचा उपग्रह घेऊन एक रॉकेट उडणार होतं आणि प्रक्षेपण तळावर बसवायची एक मोठी टाकी आमच्या कारखान्यात बनली होती. तिचे सगळे जोड बाबांनी आणि त्यांच्या शॉपमधल्या, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागातल्या, आणखी पाच वेल्डरांनी केले होते. प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघायचा. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी तेवढा भाग घासून काढायचा आणि पुन्हा भरायचा. फिल्म यायची त्या दिवशी बाबा जेवताना कोणाशी बोलत नसत, आणि आई त्यांना काही विचारत नसे. जोडाशेजारी ज्याचा त्यानं आपला नंबर पंचानं, म्हणजे पोलादी ठशानं, ठोकायचा असा नियम होता. पुढे काही फुटलं तर कोणाची मान धरायची, हे कळावं म्हणून. काही फुटलं नाही तर तो नंबर वाचायची तसदी कोणी घेत नसे.

उड्डाण आठवड्यावर आलं तेव्हा ऑफिसर क्लबनं जाहीर केलं की उड्डाण मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि टाकीच्या कामाला हातभार लावणाऱ्यांचा सत्कार करणार. यादी गेटवर लागली. त्यात डिझाइनचे साहेब होते, ते योग्यच होतं. पण टाकी नेणाऱ्या ट्रेलरच्या परवानगीवर सही करणारे साहेबही होते आणि तिचे फोटो काढून घेणारे साहेबही होते. सहा वेल्डरांपैकी एकाचंही नाव नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की यादी क्लबच्या मेंबरांच्या वहीवरून उतरवली होती. त्या वहीत कामगार असणार कुठून! कोणी मुद्दाम वगळलं असतं तर मी समजू शकले असते. आम्ही त्यांच्या ध्यानातही आलो नव्हतो, याचीच मला जास्त चीड आली.

बाबा म्हणाले, “जाऊ दे गं. टाकी तर बसली ना जागेवर?” त्यांच्या या जाऊ दे-नं माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्याच आठवड्यात शाळेत या उड्डाणावर हिंदी भाषणाची स्पर्धा झाली आणि पहिला नंबर माझा आला. बक्षीस म्हणून क्लबमध्ये, सत्काराच्या आधी, तेच भाषण करायचं होतं. पास आला. त्यावर ‘वक्ता आणि पालक’ असं लिहिलेलं होतं. मी भाषणात टाकीबद्दल, तिचे जोड कोणी केले ते सांगणारी, तीन वाक्यं घातली होती. घरी म्हणून दाखवली तेव्हा बाबांनी मला थांबवलं. “मेरे पिताजी ने असं म्हणू नकोस. आम्ही सहा जण होतो. सहा वेल्डरों ने म्हण.” मी तसा बदल केला. शाळेत बाईंनी ती तिन्ही वाक्यं लाल पेनानं खोडली. “बेटा, वहाँ बड़े-बड़े लोग होंगे. घर की बातें नहीं, विज्ञान की बातें.” मी मान हलवली आणि मनात पक्कं ठरवलं की ही वाक्यं बोलायचीच. बाईंनी ती खोडल्याचं मी बाबांना सांगितलं नाही.

त्या दुपारी बाबांनी लग्नकार्यात घालायचा पांढरा शर्ट घातला. क्लबच्या दारात एक साहेब हातात वही घेऊन उभे होते. त्यांनी पास पाहिला, बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “आप किस टाइप में रहते हैं?”

बाबांनी सांगितलं.

“बिटिया अंदर जाएगी. आप प्रोग्राम के बाद आकर ले जाइएगा.”

“पास पर पालक लिखा है, सर,” मी म्हटलं.

“वो मेंबरों के लिए है, बेटा.” ते हसून म्हणाले. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. ज्या माणसाच्या जोडांवर तळावरच्या लोकांनी भरवसा ठेवला होता, त्याला खुर्चीवर बसायची परवानगी नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी फक्त माझी वेणी सारखी केली. “जा, उशीर होतोय. नीट बोल,” म्हणाले आणि सायकलकडे वळले.

मी आत गेले.

पहिल्या रांगेत शाली आणि नारळ मांडलेले होते. पडद्यावर रॉकेट उभं होतं आणि कोपऱ्यात उलटे आकडे पळत होते. मी बोलायला लागले. टाकीची जागा आली. वाक्यं तोंडपाठ होती. समोर बाई बसल्या होत्या, शेजारी दारातले साहेब येऊन बसले होते, दोघंही कौतुकानं माझ्याकडे पाहत होते. मी श्वास घेतला आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. एक शब्दही अडखळले नाही. टाळ्या झाल्या. मला चांदीच्या रंगाची ढाल मिळाली. मग रॉकेट उडालं, सगळे उभे राहिले आणि मीही उभी राहिले.

बाबा न्यायला येण्याआधीच मी चालत घरी आले, तर आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकीचे पाचही वेल्डर आमच्या छोट्या टीव्हीपुढे जमले होते, आईनं पोहे केले होते. मला पाहताच त्यांतले सगळ्यात वयस्कर काका उठले. “बिटिया, हमारी टंकी की बात बोली?”

मी म्हटलं, “बोली.”

“कैसे बोली, ज़रा सुना तो.”

मी ढाल खाली ठेवली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून ती तिन्ही वाक्यं खणखणीत आवाजात म्हटली. सहा वेल्डरों ने. काकांनी डोळे पुसले. बाबांनी हळूच विचारलं, “तिथे टाळ्या पडल्या का गं?”

“सगळ्यात जास्त तिथेच,” मी म्हटलं.

बाबा निवृत्त होईपर्यंत शॉपमधल्या प्रत्येक नव्या माणसाला हे सांगत राहिले, आणि मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.