मिस्त्रींच्या पलंगाचा ढाळ

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या आणि तेवढीच वर्षं दुसऱ्यांनी बसवलेल्या फरश्यांना नावं ठेवली. पाणसळ, म्हणजे बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी ती काचेची नळी, कायम खिशात. पाहुणे म्हणून गेले तरी यजमानाची नजर चुकवून ती जमिनीवर ठेवून पाहायचे. बुडबुडा मधोमध नसला की त्यांना तिथलं जेवण गोड लागत नसे.

मग जेवणच उतरेनासं झालं. अन्ननलिकेच्या तळाशी गाठ निघाली, तीही काढण्यापलीकडे गेलेली. डॉक्टरांनी आत जाळीची नळी, स्टेंट, बसवून वाट मोकळी केली. घास उतरू लागला खरा, पण पोटाच्या तोंडाशी जे दार एरवी मिटलेलं असतं, ते त्या नळीने उघडंच ठेवलं. आडवं झालं की आम्ल घशाशी. डॉक्टरांनी बजावलं, थोडंथोडं खा, जेवल्यावर दोन-तीन तास बसून राहा, कमरेत वाकू नका, आणि पलंग डोक्याकडून वीतभर उंच करा. नुसत्या उशा चालणार नाहीत, त्यांनी पोट दुमडतं. आम्ल झोपेत छातीत उतरलं तर जिवावर बेतेल.

जावयाने त्याच दिवशी डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले. बायकोचा जीव भांड्यात पडला.

तरी सकाळी मिस्त्रींचं तोंड कडू, आवाज बसलेला, खोकला थांबायचं नाव नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पलंग उंच केलाय ना, असं विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, केलाय की. ते खोटंही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात ताप चढला, छाती घरघरू लागली आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. पुन्हा असं झालं तर त्यांना झेपणार नाही, हे डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं.

घरी आल्यावर ती केर काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. पायथ्याच्या पायांखाली फरशीचे तुकडे होते, एकावर एक, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. डोक्याकडे ठोकळे, पायथ्याकडे फरश्या. पलंग वीतभर उंच आणि पूर्ण सपाट. ती बाजारात गेलेली पाहून या माणसाने पहारीने पलंग उचलला होता.

तिने जाब विचारला तेव्हा मिस्त्री खिडकीकडे पाहू लागले. पाणसळ ठेवून पाहिली, बुडबुडा पार टोकाला, राहवलं नाही, एवढंच म्हणाले.

"जित्याची खोड..." ती बोलून गेली, आणि म्हणीचा उरलेला भाग तिने गिळला. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती मोठी होती. ती त्यांच्यासमोर बसली.

"न्हाणीघराला ढाळ का देता तुम्ही?"

"पाणी मागे फिरू नये म्हणून."

"मग?"

मिस्त्रींनी बराच वेळ हातातली पाणसळ इकडून तिकडे कलती केली. "उतारावर पडलो की वाटतं, आता आपण बरे होत नाही," ते म्हणाले.

बरे व्हाल हो, असं ती गेले तीन महिने म्हणत आली होती. आज तिच्याच्याने ते म्हणवेना. तिने गादी उतरवली आणि पहार घेतली.

मिस्त्री खुर्चीवर ताठ बसून कामाला लागले. लाकूड सरकतं म्हणून ठोकळे बाद केले. पायथ्याचेच तुकडे आता डोक्याकडे जायचे होते. मांडीवर वाडगं घेऊन त्यांनी पांढरं सिमेंट कालवलं, ती लावत गेली. डावीकडे जाडी कमी पडली म्हणून तिला दोनदा उखडायला लावलं, आणि शिकाऊ माणसाने मिस्त्रीपुढे तोंड चालवू नये असंही सुनावलं. शेवटी पाणसळ फळीवर ठेवली. बुडबुडा डोक्याकडच्या टोकाला जाऊन टेकला. मिस्त्रींनी मान डोलावली.

ती ओल्या फडक्याने सांडलेलं सिमेंट पुसू लागली. जमीन त्यांनीच बसवलेली, तिला डाग कसा चालेल?

"नंतर निघेल ना हो हे?" तिने विचारलं, आणि विचारता विचारता तिचा हात थांबला.

"निघेल की. छिन्नीचा एक ठोका पुरे," मिस्त्री म्हणाले. "पण मी आहे तोवर हलायला नको."