तो डाग चिकाचा नव्हता

"आबा, बाळंतिणींच्या वॉर्डात नाव लावू का?"

डॉक्टर बोलले आणि त्यांच्यामागचे सहा विद्यार्थी हसले. जळगावच्या इस्पितळात मी कमरेपासून वर उघडा बसलो होतो. वय एकाहत्तर. डॉक्टरांनी उजवे स्तनाग्र दाबले. रक्ताचा थेंब आला. "पाहा," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. मला कोणी काही सांगितले नाही. शर्ट दाराजवळच्या खुर्चीवर होता. मध्ये ते सातजण उभे होते.

चोपड्याकडच्या बागांत मी चाळीस वर्षे केळीचे घड वाहिले. चीक कापडावर पडला की काळपट तांबूस डाग राहतो. धुऊन जात नाही. आमच्या घरात डागाची चौकशी होत नसे. बंडीवर छातीपाशी डाग दिसू लागला, तोही मी चिकाचाच मानला. घड वाहणे सोडून वर्ष झाले होते. हे ध्यानात यायला चार महिने गेले.

त्या दिवशी डॉक्टरांनी छातीतून सुईने तुकडा काढला. पंधरा दिवसांनी अहवाल आला.

"साधी गाठ. कॅन्सर दिसत नाही. ऑपरेशनची तारीख घ्या. पुढचा!"

मी उठलो नाही.

"कशाची गाठ?"

"तुम्हाला नाही कळणार, आबा."

"अंग माझे आहे. कळेपर्यंत बसतो."

बाहेर रांग खोळंबली. अखेर त्यांनी कागदावर रेघा ओढल्या. दुधाच्या नळ्या पुरुषालाही असतात, बारीक. त्यांतल्या एकीच्या आत मांसाचा कोंब वाढला होता. रक्त त्याचे. बायकांत हे आढळते, पुरुषांत क्वचित. बहुधा निरुपद्रवी, तरी काढून पूर्ण तपासायचा, कारण सुईतला तुकडा म्हणजे सगळी गाठ नव्हे.

पाच मिनिटे लागली. तेवढीच लागतात.

घरी तो कागद पत्नीपुढे ठेवला. ऐकले तसे सांगितले. ती रेघांकडे पाहत राहिली.

"माले बी असंच व्हस."

"मंग सांगं का नही?"

"सांगं व्हतं. तुम्ही हासनात."

आठवले. दोन वर्षांपूर्वी, ओट्यावर तिने पोलक्यावरच्या डागाचे सांगितले होते. "या वयात तुले दूध उनं का?" असे मी म्हणालो होतो. शेजारीही हसला होता. त्यानंतर ती आपली पोलकी स्वतःच्या खोलीत वाळवू लागली. मी कारण विचारले नाही.

क्षमा मागितलेली नाही. क्षमेने दोन वर्षे भरून निघत नाहीत.

उद्या पहिल्या बसने आम्ही जळगावला जाऊ. माझी तारीख पुढे गेली तरी चालेल. आधी तिची तपासणी. विद्यार्थी आत येतील ते तिने होकार दिला तर. तिच्या नळीत काय आहे, हे डॉक्टर तिला सांगतील. माझ्याकडे पाहून नव्हे, तिच्याकडे पाहून. तोवर दारात मी उभा असेन, आणि रांग थांबेल.