सही करू न देणारे सावंतदादा

साहेब लोक घाईत असले की सावंतदादा थर्मास उघडत. इंगोलश्टाटच्या आमच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजरने "आजच ठरवून टाकू" म्हणायचा अवकाश, दादा शांतपणे झाकण फिरवत आणि म्हणत, "आल्झो, चला तर, आधी चहा." आलं घातलेला तो चहा मॅनेजरलाही घ्यावा लागे आणि निम्मी घाई तिथेच ओसरे.

दादा मूळचे कराडचे, डिझाइन विभागात इंजिनिअर. बेट्रीब्सराटवर, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या मंडळावर, गेलेले ते आम्हा भारतीयांतले पहिलेच. आम्ही मात्र जर्मनीत येऊनही साहेबाला 'नाही' म्हणायला न शिकलेली मंडळी. युनियन म्हटलं की आम्हाला घोषणा आणि टाळेबंदीच आठवायची.

मग कंपनीने आमच्या विभागाचं, ब्रेक तपासण्याचं, सगळं काम दुसऱ्या कंपनीला द्यायचं ठरवलं. त्या कंपनीची माणसं कॅन्टीनमध्ये नवे करार घेऊन बसली. पगार थोडा जास्त होता. पण नव्याने प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिने प्रोबेशन. तेवढ्या काळात ते कोणालाही सहज घरी पाठवू शकत होते. तरी रांगेत सर्वांत पुढे आम्हीच! माझा मित्र निखिल तर सही करून मोकळाही झाला.

"अरे, प्रसादाची रांग आहे काय ही?" दादा मागून गरजले. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "काम दुसरीकडं गेलं की माणसंबी जुन्या अटींसकट तिकडं जात्यात. हितला कायदाच हाय तसा. तुम्ही काय बी करायचं न्हाई."

"काहीच नाही?"

"गेनाऊ! बरोब्बर, काहीच न्हाई. जमंल का?"

जमणं कठीण होतं. माझ्या बायकोला, मानसीला, सातवा महिना लागला होता. "सही करून टाक ना रे," ती घरी म्हणाली, "नोकरी गेली तर व्हिसाचं काय?" हे कळताच दादा संध्याकाळी घरी हजर.

"मानसी, नोकरी जाऊ नये म्हणूनच याला गप बसवलाय," ते म्हणाले. "आन् लेक सासरी दिली म्हणून माहेर काय लगेच दार लावत न्हाई. तिकडं तुमच्या मंडळाची निवडणूक होईस्तवर आमचं जुनं मंडळच बोलणार तुमच्या वतीनं."

त्या रात्री मानसीला झोप लागली. मला नाही.

नव्या कंपनीत गेल्यावर दोन महिन्यांत काटछाट झाली. प्रोबेशनवाल्यांवर पहिली कुऱ्हाड पडली आणि त्यांत निखिल होता. सही न केलेल्या आम्हा बाकीच्यांची नोकरी जुन्या तारखेपासूनच धरलेली, त्यामुळे आम्ही वाचलो. 'सांगितलं होतं ना' हे शब्द दादांच्या तोंडून एकदाही आले नाहीत. ते निखिलला घेऊन युनियनच्या वकिलाकडे गेले आणि त्याला दुसरी नोकरी लागेपर्यंत दर रविवारी जेवायला बोलवत राहिले. आपलं बरोबर ठरल्याचा आनंद त्या माणसाला झालेला मी कधी पाहिला नाही.

पुढे आमच्या नव्या कंपनीत बेट्रीब्सराटची निवडणूक झाली. मला उभं केलं दादांनीच. मी तर साफ नकार दिला होता. निकालाच्या दिवशी ते गळ्यात पाहुण्यांचं कार्ड अडकवून आले. मी निवडून आल्याचं कळल्यावर त्यांनी पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळलोच. मग म्हणाले, "आता आमचं बोलणं संपलं. हितनं पुढं तुम्हीच."

"दादा, अडलं तर फोन करू ना?"

"कर की. पण आधी त्यांच्याशी भांड, मग मला फोन कर. उलटं करू नकोस."

गेटवर कार्ड परत देऊन ते बसस्टॉपकडे चालू लागले. माझी नोकरी शाबूत होती, घरी महिन्याभराची लेक होती. तरीही दादांची बस निघून गेली तेव्हा मला अगदी पोरकं वाटलं.